बाजाराचा रस्ता आपल्याच पायांनी मोजूया

डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला. साखर वाढली तरी चाला, रक्तदाब वाढला तरी चाला, गुडघे धरले तरी हळूहळू चाला. हा सल्ला गोळ्यांच्या चिठ्ठीवर सर्वांत शेवटी असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. पण वस्तीत राहणाऱ्या माणसाने चालायचे कुठे? बाग लांब. मैदानावर गाड्या उभ्या. घराबाहेर पडले की समोर लागतो तो बाजाराचा रस्ता. रेशन दुकान त्याच रस्त्यावर, पिठाची गिरणी त्याच रस्त्यावर, मेडिकल, भाजी, शाळा, दवाखाना, रिक्षा स्टँड आणि आपले विहारही तिथेच.

आपले चालणे हे सकाळी बूट घालून फिरायला जाणे नसते, ते कामाचे चालणे असते. म्हणून वस्तीचा बाजाररस्ता चालण्याजोगा असेल तर आपले निम्मे औषध रोज फुकट मिळते. तो तसा नसेल तर माणूस घरात बसतो, साखर चढते, पाय सुजतात आणि म्हातारी माणसे एकटी पडतात. आमच्या विहारात हेच घडत होते. रविवारच्या वंदनेला येणाऱ्या वयस्क उपासिका कमी झाल्या होत्या. घरी जाऊन विचारले तेव्हा आजाराचे कारण थोड्यांनीच सांगितले. बहुतेकींचे उत्तर एकच होते: रस्त्याची भीती वाटते. कुणाला उघड्या चेंबरची, कुणाला मागून येणाऱ्या मोटारसायकलची, कुणाला अंधाराची.

तेव्हा आम्ही ठरवले की नुसती कुरकुर करायची नाही. आपल्या बाजाररस्त्याची पायी पाहणी करायची, मोजायचे, लिहायचे आणि लिहिलेले घेऊन कार्यालयात जायचे. ही पाहणी कशी केली, काय दिसले आणि तुमच्या वस्तीत ती कशी करता येईल, हे या अंकात सांगत आहोत.

चालणे आणि आरोग्य

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी. रोज अर्धा तास, आठवड्यातून पाच दिवस भरभर चालले की हे भरते. भरभर म्हणजे किती? चालताना शेजारच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतके. अर्धा तास एकदम जमत नसेल तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करा. दवाखान्यात पायी जाऊन परत येणे, मुलाला शाळेत सोडणे, भाजी आणणे हे सगळे त्यात धरता येते.

धम्मात चालण्याला जुने स्थान आहे. अंगुत्तर निकायात तथागतांनी चंक्रमणाचे, म्हणजे सजगपणे येरझारा घालण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. लांबच्या वाटेची ताकद येते, प्रयत्न करण्याची ताकद येते, प्रकृती निरोगी राहते, खाल्लेले अन्न नीट पचते आणि चालताना साधलेली एकाग्रता बराच काळ टिकते. यातले पहिले चार लाभ आजचा कोणताही डॉक्टर मान्य करील. आणि स्वतः तथागतांनी पंचेचाळीस वर्षे गावोगाव चारिका केली ती पायीच.

पण चालणे जीवावर बेतता कामा नये. केंद्र सरकारच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे दर पाच मृतांमागे जवळजवळ एक जण पादचारी होता. यात फूटपाथवर पडून मांडीचे हाड मोडलेल्या आजी नाहीत, गटाराच्या पाण्यातून चालून पायाची जखम चिघळलेला मधुमेही नाही. ते त्रास पोलिसांच्या नोंदीत येत नाहीत. ते आपल्या घरातच राहतात.

रस्ता हा आपला लढ्याने मिळालेला हक्क

रस्त्याचा विषय आपल्या समाजाला नवा नाही. पेशवाईत पुण्यात अस्पृश्यांना कमरेला झाडू बांधून स्वतःची पाऊलखुण पुसत चालावे लागे, असे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात नोंदवले आहे. केरळात वायकोमला १९२४ मध्ये सत्याग्रह झाला तो देवळात जाण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे यासाठी होता. २० मार्च १९२७ रोजी महाडला हजारो माणसे बाबासाहेबांच्या मागे मिरवणुकीने चवदार तळ्यापर्यंत गेली तीही गावाच्या रस्त्यांवरूनच. तळ्याच्या पाण्याइतकेच त्या रस्त्याने ताठ मानेने चालणे महत्त्वाचे होते.

म्हणूनच संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाचे दुसरे कलम काढून वाचावे. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आणि रस्ते यांच्या वापरात जात, धर्म, लिंग अशा कारणांवरून कोणालाही अडवता येणार नाही, असे तिथे आहे. दुकान आणि रस्ता हे दोन्ही शब्द त्या कलमात आहेत. आज कोणी आपल्याला बाजारात जायला तोंडाने मनाई करत नाही. पण शहरातल्या मोठ्या बाजारपेठेला गुळगुळीत फूटपाथ आणि वस्तीच्या बाजाराला उघडे गटार, हा फरक डोळ्यांना दिसतो. पुण्यात २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन साजरा होतो. त्या दिवशी रस्त्याच्या एका भागावर वाहने बंद असतात आणि लोक मोकळेपणाने चालतात. ही चांगली गोष्ट आहे. आमचे म्हणणे एवढेच की वस्तीच्या रस्त्यावरही तसेच पाय चालतात आणि त्या पायांना वर्षाचे सगळेच दिवस चालायचे असते.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की चालण्याजोगा फूटपाथ मिळणे हा २१व्या अनुच्छेदातील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि अपंग व्यक्तींनाही तो वापरता आला पाहिजे. म्हणजे आपण कार्यालयात मेहेरबानी मागायला जात नाही.

पाहणी कशी केली

आम्ही दहा जण होतो. निवड मुद्दाम केली. काठी घेऊन चालणारी एक आजी, लहान बाळाची आई, नववीत शिकणारी मुलगी, तीनचाकी सायकलवर फिरणारा तरुण, आशाताई, एक रिक्षावाले दादा, भाजी विकणाऱ्या मावशी, किराणा दुकानदार आणि लिहिण्या-मोजण्यासाठी दोन कॉलेजची मुले. तरण्याताठ्या माणसांनीच पाहणी केली असती तर निम्म्या अडचणी दिसल्याच नसत्या. जो खड्डा तरुण सहज ओलांडतो तिथे आजी थांबते.

साहित्य फारसे लागले नाही. शिवणकामाची टेप, सुताराची पट्टी, वही, पेन आणि एक मोबाईल. विहाराच्या कमानीपासून सरकारी दवाखान्यापर्यंतचा साधारण एक किलोमीटरचा रस्ता घेतला. रस्त्याचे तुकडे पाडण्यासाठी विजेच्या खांबांचा उपयोग झाला. खांबावर क्रमांक रंगवलेला असतो. 'किराणा दुकानासमोर खड्डा' असे लिहिले तर साहेबांना सापडत नाही, 'खांब क्रमांक अमुक ते तमुक' असे लिहिले की सापडतोच. हे काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

एकदा चालून रस्ता कळत नाही. म्हणून चार वेळा चाललो: सकाळी शाळा भरताना, संध्याकाळी बाजार भरलेला असताना, रात्री आठनंतर आणि एका मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी. प्रत्येक वेळी रस्ता निराळा दिसला. सकाळी मोकळी असलेली जागा संध्याकाळी गाड्यांनी भरते. दिवसा ठीक दिसणारा कोपरा रात्री बायका टाळतात. उन्हाळ्यात कोरडा असलेला उतार पावसाळ्यात घोटाभर पाण्यात जातो.

मोजायचे कशाच्या तुलनेत, हाही प्रश्न होता. इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था रस्त्यांची मानके ठरवते. तिच्या २०१२ च्या पादचारी मार्गदर्शिकेप्रमाणे फूटपाथवर चालण्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी, म्हणजे दोन व्हीलचेअर समोरासमोरून जाऊ शकतील इतकी. बाजाराच्या भागात ती २.५ मीटर हवी. फूटपाथची उंची रस्त्यापासून १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नसावी, आणि डोक्यावर २.२ मीटरपर्यंत फलक, फांदी, वायर काही आडवे येऊ नये. 'मोकळी' हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. फूटपाथ कागदावर किती रुंद आहे ते विचारू नका, सर्वांत अरुंद जागी माणसाला किती जागा उरते ते मोजा.

काय आढळले

रस्त्याच्या एका बाजूला फूटपाथ होताच नाही. दुसऱ्या बाजूला होता, पण सलग नव्हता. बऱ्याच ठिकाणी मोकळी रुंदी एक मीटरही भरली नाही. दवाखान्याच्या फाटकासमोर फूटपाथची उंची २८ सेंटीमीटर निघाली. जिथे आजारी माणसे उतरतात तिथेच सर्वांत उंच पायरी! तीनचाकीवरचा तरुण तिथे चढू शकला नाही. तो म्हणाला, "मी रोज रस्त्यावरूनच जातो, मला वाटायचं फूटपाथ माझ्यासाठी नाहीच."

चेंबरची तीन झाकणे तुटलेली होती. त्यांतल्या एकावर कोणीतरी झाडाची फांदी रोवली होती. ती खूण ओळखीच्या माणसाला समजते, पाहुण्याला किंवा रात्री येणाऱ्याला नाही. पावसाच्या दुसऱ्या दिवशी शाळेजवळ गटाराचे पाणी रस्त्यावर आले होते आणि मुले त्यातूनच चालत होती. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर-घुशींच्या आणि जनावरांच्या लघवीतून अशा पाण्यात येतात आणि पायाच्या छोट्या जखमेतून शरीरात शिरतात. त्यामुळे तुंबलेले गटार ही आरोग्याची तक्रार आहे, ती फक्त 'घाण' म्हणून लिहू नये.

रात्रीच्या फेरीत सात दिवे बंद मिळाले. त्यांतले चार दारूच्या दुकानापासून वळणापर्यंत सलग होते. नववीतल्या मुलीने सांगितले की शिकवणीहून येताना ती आणि तिच्या मैत्रिणी हा भाग टाळून मागच्या गल्लीने वळसा घालतात. बंद दिव्यांचा हा वळसा तिच्या घरच्यांनाही माहीत नव्हता.

चौकात सिग्नल आहे. पायी ओलांडणाऱ्यासाठी हिरवा दिवा ९ सेकंद राहतो. रस्त्याची रुंदी १४ मीटर भरली. अशी गणिते करताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असे धरतात. त्या हिशेबानेच १२ सेकंद लागतात. आमच्या आजींना १९ लागले. त्या म्हणाल्या, "अर्ध्यात पोचले की दिवा बदलतो, मग मी हात वर करते आणि चालत राहते." हात वर करून रस्ता ओलांडणे ही आपल्या सर्वांची सवय झाली आहे, पण ती सुरक्षितता नव्हे.

एक किलोमीटरमध्ये बसायला एकही बाक नव्हता. ज्याला दम लागतो, ज्याचे गुडघे दुखतात, त्याच्यासाठी बाक म्हणजे बाहेर पडण्याची हिंमत. सार्वजनिक शौचालय एक होते, त्यात स्त्रियांच्या बाजूला कुलूप. भाजीवाल्या मावशी म्हणाल्या की त्या सकाळपासून पाणी कमी पितात, म्हणजे जावे लागत नाही. पाणी कमी पिणे आणि लघवी तुंबवणे यातून मूत्रमार्गाचा संसर्ग होतो, उन्हाळ्यात तब्येत आणखी बिघडते. रस्त्याच्या पाहणीत शौचालय कशाला, असे आम्हाला एकाने विचारले होते. त्याचे उत्तर मावशींनी दिले.

अडथळा हातगाडीचा की मोटारसायकलचा?

वही घेऊन विहारात बसलो तेव्हा खरा वाद झाला. काही जणांचे मत होते की अर्जात पहिली मागणी लिहा, 'अतिक्रमण हटवा'. हातगाड्या गेल्या की फूटपाथ मोकळा. भाजीवाल्या मावशी शांतपणे म्हणाल्या, "मला हटवा. मग तुमच्याच घरात मी उसने मागायला येईन."

हा प्रश्न गंभीर आहे. आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांची चूल हातगाडीवर, टोपलीवर, वडापावच्या गाडीवर चालते. चालण्याचा हक्क मागताना आपल्याच माणसाची रोजीरोटी जाणार असेल तर तो हक्क अपुरा आहे. दुसरीकडे, आजीला जागाच उरत नसेल तर तिला 'सहन कर' म्हणणेही बरोबर नाही. भांडण मिटले ते वहीमुळे. सर्वांत अरुंद बारा जागांची नोंद पुन्हा वाचली. चार ठिकाणी दुचाकी उभ्या होत्या. तीन ठिकाणी दुकानांचे ओटे आणि पायऱ्या पुढे आल्या होत्या. दोन ठिकाणी विजेची डीपी आणि केबलच्या पेट्या होत्या. एका ठिकाणी बांधकामाचा राडारोडा होता. हातगाड्यांमुळे अडलेल्या जागा दोन निघाल्या. म्हणजे सगळे ज्यांच्याकडे बोट दाखवत होते त्यांचा वाटा लहान होता. आणि हातगाड्या रस्त्यात पुढे सरकतात त्याचे एक कारण हे की फूटपाथच्या कडेची जागा दुचाकींनी व्यापलेली असते.

किराणा दुकानदारांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांचे बहुतेक गिऱ्हाईक पायी येते. म्हणून दुकानासमोर चालायला जागा ठेवणे त्यांच्याही धंद्याच्या फायद्याचे आहे. हे त्यांच्या तोंडून आले त्यामुळे इतर दुकानदारांनीही ऐकले.

२०१४ चा पथविक्रेता कायदा इथे माहीत असावा. पाहणी पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटवता येत नाही. प्रत्येक शहरात नगर विक्रेता समिती असते. तिच्यात विक्रेत्यांचे प्रतिनिधी किमान ४० टक्के असले पाहिजेत, त्या प्रतिनिधींत एक तृतीयांश स्त्रिया असल्या पाहिजेत, आणि अनुसूचित जातींना योग्य प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे. आपल्या वस्तीतले किती विक्रेते नोंदलेले आहेत आणि समितीत आपले कोणी आहे का, हे विचारून घ्या.

शेवटी आमची मागणी अशी ठरली: हातगाड्यांना एका रांगेत, आखलेल्या जागेत बसू द्यावे, त्यांच्या मागे चालण्यासाठी मोकळी पट्टी राखावी, दुचाकी एकाच बाजूला उभ्या कराव्यात, डीपी आणि पेट्या हलवाव्यात. या मागणीवर भाजीवाल्या मावशींची पहिली सही आहे आणि आजींची दुसरी.

अर्ज एक नको, अनेक हवेत

रस्त्याचे काम एका खात्याचे नसते. आम्ही नोंदी खात्याप्रमाणे वेगळ्या केल्या. फूटपाथ आणि खड्डे रस्ते विभागाकडे, चेंबर आणि गटार मलनिस्सारण विभागाकडे, दिवे विद्युत विभागाकडे, डीपी वीज कंपनीकडे, सिग्नलची वेळ वाहतूक पोलिसांकडे, शौचालय घनकचरा व स्वच्छता खात्याकडे. एकाच अर्जात सगळे कोंबले की प्रत्येक खाते दुसऱ्याकडे बोट दाखवते. प्रत्येक अर्जाला टेप दिसेल असा फोटो जोडला. अर्जाच्या दोन प्रती नेल्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतला. पोच नसलेला अर्ज म्हणजे न दिलेला अर्ज.

महिनाभरात चेंबरची तिन्ही झाकणे बसली आणि सातपैकी पाच दिवे लागले. फूटपाथबाबत 'निधी उपलब्ध नाही' असे तोंडी उत्तर आले. मग आम्ही माहिती अधिकाराचा अर्ज टाकला. २००५ च्या या कायद्याने ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. शुल्क १० रुपये आहे आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला तेही लागत नाही. आम्ही विचारले की या प्रभागात मागील तीन वर्षांत रस्ते आणि फूटपाथवर किती खर्च झाला, कोणत्या रस्त्यावर झाला, आणि वस्ती सुधारणेसाठी आलेल्या निधीतून काय कामे झाली. उत्तर आले तेव्हा कळले की निधी होता, तो दुसऱ्या रस्त्यांवर खर्च झाला होता. ते कागद जोडून आम्ही पुन्हा अर्ज केला. फूटपाथचे काम आता पुढील अंदाजपत्रकासाठी सुचवले गेले आहे. झाले असे आम्ही म्हणणार नाही. सिग्नलची वेळ अजून ९ सेकंदच आहे. शौचालयाचे कुलूप निघाले, पण संध्याकाळी सातला पुन्हा लागते. पाठपुरावा चालू आहे.

पुण्यात २००६ पासून नागरिकांना आपल्या भागातील कामे महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी सुचवता येतात. तुमच्या शहरात अशी सोय आहे का ते प्रभाग कार्यालयात विचारा. असल्यास तिची मुदत चुकवू नका, कारण मुदत संपल्यावर वर्ष जाते.

तुमच्या रस्त्यासाठी दहा प्रश्न

हे पान कापून विहाराच्या फलकावर लावा.

१. फूटपाथ आहे का? सर्वांत अरुंद जागी मोकळी रुंदी किती? (किमान १.८ मीटर, बाजारात २.५ मीटर)

२. फूटपाथची उंची किती? (१५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको.) व्हीलचेअर आणि बाळगाडी चढेल असा उतार आहे का?

३. जागा नेमकी कशाने अडली आहे? वाहन, ओटा, पेटी, राडारोडा, हातगाडी हे वेगवेगळे मोजा.

४. उघडे चेंबर, सैल फरशी, लोंबणारी वायर कोणत्या खांबाजवळ आहे?

५. पावसानंतर पाणी कुठे साचते आणि किती तास राहते?

६. कोणते दिवे बंद आहेत? बायका आणि मुली कोणता भाग टाळतात आणि का?

७. रस्ता ओलांडायला आजीला किती सेकंद लागतात आणि सिग्नल किती देतो? शाळेसमोर झेब्रा पट्टे आहेत का?

८. बसायला बाक, सावली, पिण्याचे पाणी आहे का?

९. स्त्रियांचे शौचालय उघडे आहे का? कोणत्या वेळेत?

१०. ताजी भाजी, औषधे आणि रेशन दहा मिनिटांच्या चालण्यावर मिळते का?

तोवर चालताना काळजी घ्या

रस्ता सुधारायला वेळ लागतो. तोवर चालणे थांबवू नका. सकाळी लवकर, गर्दी नसताना दोघी-तिघींनी मिळून चाला. विहाराचे आवार मोठे असेल तर वंदनेनंतर तिथेच दहा मिनिटे चंक्रमण करा. फूटपाथ नसेल तर समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, म्हणजे रस्त्याच्या उजव्या कडेने चाला. रात्री फिकट रंगाचे कपडे घाला.

मधुमेह असलेल्यांनी अनवाणी चालू नये आणि गटाराच्या पाण्यात पाय घालू नये. साखरेमुळे पायाची जाणीव कमी होते, काच रुतली तरी कळत नाही. रोज रात्री तळपाय आरशात पाहा किंवा नातवंडाला पाहायला सांगा. छोटीशी जखम दिसली तरी दवाखाना गाठा. पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल तर पाय साबणाने धुवा, आणि नंतर ताप, अंगदुखी आली किंवा डोळे लाल झाले तर दोन दिवस वाट न पाहता डॉक्टरांना ती गोष्ट आवर्जून सांगा.

चालताना छातीत दुखले, दडपण आले, डावा हात किंवा जबडा दुखू लागला, चक्कर आली तर तिथेच थांबा, बसा आणि मदत मागा. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका फुकट मिळते. ज्यांनी बरेच महिने चालणे बंद केले आहे किंवा ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून पाच मिनिटांपासून सुरुवात करावी.

येत्या रविवारी सुरुवात करा

जयंतीच्या मिरवणुकीला आपण हा रस्ता स्वच्छ करतो, पताका लावतो, निळ्या झेंड्यांनी सजवतो. त्या दिवशी सगळा रस्ता आपला असतो. उरलेल्या दिवसांतही तो आजीला दवाखान्यात आणि लेकीला शिकवणीला सुखरूप नेणारा असावा, एवढेच मागणे आहे.

त्यासाठी टेप, वही आणि दहा माणसे पुरतात. येत्या रविवारी वंदनेनंतर तासभर काढा. महिला मंडळाने पुढाकार घ्यावा, कॉलेजच्या मुलांनी लिहावे, ज्येष्ठांनी वेग ठरवावा. ज्यांना चालायला सर्वांत जास्त त्रास होतो त्यांना सर्वांत पुढे ठेवा आणि त्यांच्या मागून चाला. रस्त्याची खरी स्थिती त्यांच्या पायांना माहीत असते.

तुमची पाहणी झाली की नोंदी आमच्याकडे पाठवा. कोणत्या खात्याने काय उत्तर दिले तेही कळवा. आरोग्य पानावर ती उत्तरे छापू, म्हणजे एका वस्तीने शिकलेले दुसऱ्या वस्तीच्या कामाला येईल.

नमो बुद्धाय, जयभीम.